रेझिनला वास नाही, मग मास्क कशाला?

वाचकाचं पत्र

मी काही वर्षांपासून घरीच रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवाच्या, वस्तू करते. वाळवलेली फुलं घातलेले कोस्टर, कीचेन, नावाच्या पाट्या. मुलगा झोपला की बेडरूममधल्या टेबलावर काम सुरू करते. खिडकी बंद ठेवावी लागते, पंखाही. नाहीतर चकचकीत पृष्ठभागावर धूळ बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. साचे रात्रभर तिथेच असतात.

सुरुवातीला कुणीतरी पॉलिएस्टर रेझिनचा डबा दिला होता. त्याच्या वासानं डोकं इतकं दुखलं, की तो कपाटाच्या वर ठेवून दिला. आता 'नो ओडर, नॉन-टॉक्सिक' असं लिहिलेलं एपॉक्सी रेझिन वापरते. नवऱ्याला छोट्या मूर्ती ओतायचा नाद लागलाय. त्यानं दहा मिनिटांत घट्ट होणारं पॉलियुरेथेन रेझिन आणलंय. त्यालाही वास नाही. मी एन 95 मास्क लावते, तर तो हसतो. "वासच नाही, मग मास्क कशाला?"

पण हल्ली माझ्या मनगटांवर लाल पुरळ येतं, खाज सुटते. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. नवऱ्याला काही रात्री कोरडा खोकला येतो, तो हवा बदलल्यामुळे असं तो म्हणतो. परवा उरलेलं मिश्रण कपातच राहिलं, तर कप वितळला आणि खोलीभर धूर झाला. माझा मास्क पुरेसा आहे का? एअर प्युरिफायर घेऊ का? की एपॉक्सी सोडून यूव्ही रेझिनवर, म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या रेझिनवर, जाऊ?

उत्तर

मास्कचं नंतर बोलू, आधी मनगटं. पुरळ पूर्ण जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत रेझिनला हात लावू नका. हातमोजे घालूनही नाही. एपॉक्सीमुळे होणारा हा ओळखीचा त्रास आहे. महिनोन्महिने काही होत नाही, माणूस निर्धास्त होतो, आणि मग एक दिवस शरीर त्या रसायनाला शत्रू मानायला लागतं. एकदा ते ठरलं की पुढे थेंबभर रेझिनही पुरतं, आणि ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. डॉक्टर पॅच टेस्ट करतील, म्हणजे संशयित रसायनं त्वचेवर चिकटवून ॲलर्जी कशाची ते बघतील. जाताना दोन्ही बाटल्यांची, म्हणजे रेझिनची आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचीही, सेफ्टी डेटा शीट (उत्पादकानं दिलेलं घटकांचं आणि धोक्यांचं माहितीपत्रक) छापून न्या. नुसतं "रेझिनचं काम करते" एवढं सांगून त्यांना नेमकं काय तपासायचं ते कळणार नाही.

पुरळ मनगटावरच का, याचं उत्तर बहुधा हातमोज्याच्या काठापाशी सापडेल. मोजा संपतो आणि बाही सुरू होते, त्या मधल्या दोन बोटं उघड्या पट्टीवर मिश्रण ढवळताना बारीक शिंतोडे पडतात. कोरडे झाल्यावर ते दिसतही नाहीत. पापण्यांपर्यंत रेझिन दोन वाटांनी जातं. एक, चिकट मोज्यानं चष्मा वर सरकवणं किंवा फोन धरणं. दुसरी वाट हवेची. हार्डनरमधल्या अमाइन वर्गातल्या रसायनांची थोडी वाफ होते आणि पापणीची त्वचा चेहऱ्यावरची सर्वांत पातळ. हातांबरोबर पापण्याही सुजत असतील, तर हवेतून येणाऱ्या ॲलर्जीची शंका डॉक्टर घेतातच. पॅच टेस्टमध्ये एपॉक्सीची ॲलर्जी निघाली, तर माझं मत स्पष्ट आहे. एपॉक्सी सोडा. "थोडं थोडं, काळजी घेऊन" हा मार्ग तिथे उरत नाही.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या घरात तीन प्रकारची रेझिन आहेत आणि तिघांच्या बाबतीत नाक वेगवेगळी साक्ष देतं.

ज्या डब्यानं डोकं दुखलं, त्या पॉलिएस्टरमध्ये साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त स्टायरीन असतं. स्टायरीनचा वास हवेच्या दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कमी असताना येतो. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत 100 भाग आहे, आणि तिथलीच आरोग्य संशोधन संस्था 'नायॉश' 50 च्या आत ठेवा म्हणते. म्हणजे मर्यादा यायच्या कितीतरी आधी नाक ओरडायला लागतं. स्टायरीन निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2018 मध्ये ते 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. पण निदान ते चोरपावलांनी येत नाही.

नवऱ्याच्या पॉलियुरेथेनचं उलटं आहे. त्याच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं, बहुतेक वेळा एमडीआय नावाचं. त्याची अमेरिकेतली कमाल मर्यादा दहा लाखांत 0.02 भाग, म्हणजे दहा कोटी भागांत 2. आणि या पातळीला त्याचा वास येतच नाही. वास येईपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते. आयसोसायनेट हे कामाच्या जागी दमा जडण्याचं जगभर माहीत असलेलं कारण आहे. फर्निचरचा फोम, गाड्यांचं स्प्रे पेंटिंग, इन्सुलेशन अशा उद्योगांत त्यावर कडक नियम आहेत ते उगाच नाहीत. तेव्हा "वासच नाही" हे नवऱ्याचं वाक्य मास्क काढायला नव्हे, लावायला कारण आहे.

एक गोष्ट त्याच्या बाजूनंही सांगायला हवी. साध्या तापमानाला, हातानं ढवळून, छोट्या साच्यात ओतलं तर एमडीआयची वाफ फार होत नाही. धोका वाढतो तो बाटली गरम केली, स्प्रे केलं, किंवा बुडबुडे काढायला व्हॅक्यूम पंप लावला तर. पंप भांड्यातली हवा ओढून मागच्या तोंडानं खोलीत सोडतो, आणि बरेच जण त्या तोंडाच्या शेजारीच बसलेले असतात. पंप असेल तर त्याला नळी जोडून तिचं टोक खिडकीबाहेर काढा.

खोकल्याबद्दल मी दुरून निदान करणार नाही. पण एक करा. त्यानं ओतकाम केलेले दिवस आणि खोकल्याच्या रात्री कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. आयसोसायनेटचा त्रास काही वेळा लगेच न होता चार ते आठ तासांनी होतो. संध्याकाळी काम, मध्यरात्री खोकला. म्हणूनच लोक हवेला, धुळीला, उशीला दोष देत बसतात आणि टेबलावरच्या बाटलीकडे कुणाचं लक्ष जात नाही. खुणा जुळल्या तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन 'आयसोसायनेट' हा शब्द तोंडानं उच्चारा आणि तोपर्यंत त्या बाटल्या बंद. एकदा दमा जडला की अगदी नगण्य प्रमाणही पुढचा झटका आणू शकतं. छाती आवळल्यासारखी वाटली, शिट्टीसारखा आवाज आला, धाप लागली तर खुणा मोजत बसू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

एपॉक्सी हे पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनच्या मधे कुठेतरी. वाफ कमी, पण शून्य नाही. खरा धोका त्वचेला, आणि तो तुम्ही अनुभवताच आहात. बाटलीवरच्या 'नॉन-टॉक्सिक'वर माझा राग आहे. बहुतेक वेळा ते पूर्ण घट्ट झालेल्या वस्तूबद्दल असतं, ओल्या रेझिनबद्दल नाही. कलासाहित्यावर 'एएसटीएम डी-4236 नुसार' असं, एका अमेरिकी मानकाचं नाव, छापलेलं दिसतं, त्याचा अर्थही एवढाच, की एखाद्या विषशास्त्रज्ञानं घटक तपासून लेबलवर योग्य ते इशारे दिलेत. वस्तू निर्धोक आहे असा नाही. लेबलचं पुढचं तोंड सोडा, डेटा शीट उघडा. तिचे 16 भाग असतात. दुसरा भाग वाचलात तरी पुष्कळ कळतं. तिथे एच 317 हा कोड असेल तर त्वचेची ॲलर्जी, एच 334 असेल तर श्वासातून ॲलर्जी किंवा दमा. तुमच्या एपॉक्सीच्या शीटवर पहिला सापडेल याची मला जवळपास खात्री आहे, आणि नवऱ्याच्या आयसोसायनेटच्या बाटलीच्या शीटवर दुसरा. शीट त्याच्यासमोर ठेवा, वाद आपोआप मिटेल.

तुमचा एन 95 धूळ आणि बारीक कणांसाठी आहे. वाफेचे रेणू त्यातून आरपार जातात. चाळणीनं पाणी अडवण्यासारखं आहे ते. पण चांगला मास्क सांगायच्या आधी हवेचं सांगते, कारण हवा नीट वाहत असेल तर मास्कवरचा भार बराच कमी होतो. बंद खोलीत महागडा मास्क लावून बसलं, तर काम संपल्यावर मास्क निघतो आणि वाफ मात्र तिथेच असते. तुम्ही तर त्याच खोलीत झोपता. मुलगाही.

हवा खेळती ठेवणं म्हणजे पंखा लावणं नव्हे. छताचा पंखा तीच हवा घुसळतो. एसी तीच हवा थंड करून परत देतो. हवा एका बाजूनं आत यायला हवी आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर जायला हवी, आणि तुमचा चेहरा त्या वाटेत रेझिनच्या आधी असायला हवा. खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन, त्याच्यासमोर टेबल, टेबलाच्या अलीकडे तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागे उघडं दार किंवा दुसरी खिडकी. म्हणजे ताजी हवा तुमच्या खांद्यांवरून येते, कपावरून जाते आणि बाहेर पडते. उलटं बसलात, पाठ खिडकीला आणि तोंड खोलीकडे, तर तोच पंखा सगळी वाफ तुमच्या नाकावरून ओढून नेईल. तपासायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी फाडून कपाच्या जागी धरा. पट्टी खिडकीकडे झुकली तर ठीक. ती नुसती लोंबकळत राहिली किंवा तुमच्याकडे वळली, तर टेबल हलवा.

दुसरं खिडकी-दार नसेल, तर मागची हवा यायला जागाच नाही. मग एक्झॉस्ट फॅन नुसता आवाज करतो. अशा खोलीत ओतकाम करू नये असं माझं मत आहे. छप्पर असलेली बाल्कनी बरी, फक्त कडक ऊन आणि पावसाची सर टाळा. दमट हवेत पॉलियुरेथेन फेसाळतं आणि वस्तू बिघडते. बाहेर टाकलेली हवा शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही ना, तेही एकदा बघा.

धुळीची अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी खोली बंद करायची गरज नाही. झाकायचा तो साचा. एक स्वच्छ प्लास्टिकचा खोका घ्या, आतून ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा आणि ओतल्यावर साच्यांवर उपडा घाला. खाली दोन पट्ट्या सरकवून बोटभर फट ठेवलीत तरी वरून पडणारी धूळ अडते. ओतायच्या तासभर आधी टेबल ओल्या फडक्यानं पुसून घेतलंत तर अर्धं काम तिथेच होतं. लोकरी किंवा केस सोडणारे कपडे घालू नका. रेझिनमध्ये सापडणारी 'धूळ' बऱ्याचदा स्वतःच्या बाहीचीच असते.

खोक्याखालचे साचे झोपायच्या खोलीत नकोत, हे पुन्हा सांगते. वस्तू हाताला घट्ट लागली तरी रासायनिक क्रिया पुढे चालूच असते. एपॉक्सीला पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा लागतो, पहिली रात्र तर सर्वांत महत्त्वाची. मुलांची श्वासनलिका अरुंद असते आणि वजनाच्या मानानं ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर त्याला त्या मजल्यावरच ठेवू नका, पक्ष्यांची फुप्फुसं वाफांच्या बाबतीत फारच नाजूक. गरोदर बाई घरात असेल तर हा छंद तेवढे महिने बाजूला ठेवलेला बरा.

एअर प्युरिफायर यासाठी घेऊ नका. त्यातला हेपा फिल्टर कण पकडतो, वाफ नाही. कार्बनचा म्हणून जो थर असतो, तो घरगुती यंत्रांत इतका पातळ असतो, की ओतकामापुढे लवकरच भरून जातो. तेच पैसे एक्झॉस्ट फॅनवर घाला.

मास्क हवा तो रबर किंवा सिलिकॉनचा, दोन बाजूंना कार्ट्रिज (वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या) लावायचा, अर्धा चेहरा झाकणारा रेस्पिरेटर. कार्ट्रिज 'ऑरगॅनिक व्हेपर'ची. अमेरिकी पद्धतीत तिचा रंग काळा, युरोपीय पद्धतीत 'ए' वर्ग आणि तपकिरी पट्टा. सोबत कणांसाठीचा फिल्टरही असेल असा जोड मिळतो, तो घ्या म्हणजे घासकामालाही चालेल. लावल्यावर दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून हळू श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याला ओढला जाऊन तसाच चिकटून राहिला पाहिजे. कुठून हवा शिरली तर पट्टे सारखे करा. हे दरवेळी करायचं. आणि नवऱ्याला दाढी असेल, तर दाढी किंवा रेस्पिरेटर, दोन्हींतलं एकच. चार दिवसांची खुंटंही रबर टेकू देत नाहीत.

कार्ट्रिजमधला कोळसा तुम्ही श्वास घेतला नाही तरी हवेतली वाफ आणि ओल शोषतच राहतो. मास्क खिळ्याला टांगून ठेवला तर पुढच्या वेळेपर्यंत तो अर्धा संपलेला असू शकतो. काम झालं की हवाबंद डब्यात. पॅकेट उघडल्याची तारीख कार्ट्रिजवर मार्करनं लिहा आणि उत्पादकानं दिलेल्या मुदतीनुसार बदला. "मास्कमधून वास यायला लागला की बदलू" हा ठोकताळा स्टायरीनपुरता ठीक. आयसोसायनेटला तो लावलात तर कार्ट्रिज संपल्याचं कधी कळणारच नाही. मास्क डोळे झाकत नाही, म्हणून वेगळा बंद गॉगल हवा.

कप वितळला त्याबद्दल. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. साच्यात पातळ थर असतो, उष्णता निघून जाते. कपात गोळा असतो, ती अडकते, त्यानं क्रिया आणखी वेगानं होते आणि तापमान शंभर अंशांच्या सहज पुढे जातं. त्या धुरात एरवी वर न येणारी रसायनंही असतात. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की हाती असलेला वेळ साधारण निम्मा होतो, हे उन्हाळ्यात लक्षात ठेवा. उरलेलं मिश्रण लगेच ट्रेवर किंवा जुन्या पत्र्यावर पातळ पसरा. कप गरम लागायला लागलाच, तर हातात धरून घरभर फिरू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. जवळच्या उघड्या जागी फरशीवर ठेवून लांब व्हा. धूर आधीच सुरू झाला असेल तर खिडक्या उघडा आणि सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर जा.

घासकामात मात्र तुमचा एन 95 खरोखर उपयोगी आहे. त्यातही पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलंत तर धूळ उडतच नाही. दुसऱ्याच दिवशी घासायची घाई नको. अर्धवट पिकलेल्या रेझिनच्या धुळीत न जुळलेलं रसायन शिल्लक असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

पुढे काम सुरू केलंतच, तर नायट्राइलचे लांब मोजे, बाहीवरून ओढलेले. लेटेक्सचे नकोत. शिंतोडा उडाला की मोजा बदला. हाताला लागलं तर कोरड्या कागदानं टिपून साबण-पाणी. ॲसिटोन किंवा थिनरनं हात पुसायची सवय फार जणांना असते. त्यानं रेझिन निघत नाही, पातळ होऊन त्वचेत आत शिरतं.

यूव्ही रेझिन हा सुटकेचा मार्ग नाही. ते ॲक्रिलेट वर्गातलं, आणि ॲक्रिलेटही त्वचेची ॲलर्जी देण्यात एपॉक्सीच्या मागे नाहीत. त्यातल्या काही रेझिनमध्ये टीपीओ नावाचं, प्रकाशानं क्रिया सुरू करणारं रसायन असतं. प्रजननाला घातक ठरवून युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून ते सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी घातली. दिव्याखालून काढल्यावर वरचा थर चिकट लागतो ना, तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे न पिकलेला थर. तिथे बोट लावणं म्हणजे कच्च्या रेझिनला बोट लावणं. पॅच टेस्ट होईपर्यंत याच्याही वाटेला जाऊ नका.

राहिला कपाटावरचा डबा. तो आजच खाली काढा. पॉलिएस्टर रेझिन 32 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं आणि छताजवळ, उन्हाळ्यात, ते तापमान गाठणं अवघड नाही. डबा जुना झाला की आपोआप घट्ट होऊ लागतो तो वेगळाच. त्याच्यासोबत छोटी बाटली मिळाली असेल, ती एमईकेपी नावाच्या, रेझिन घट्ट करणाऱ्या पेरॉक्साइडची. थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. तसं झालंच तर ताबडतोब किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि तडक डॉक्टरांकडे. तिसरी जांभळट द्रवाची बाटली असेल तर ती घट्ट होण्याचा वेग वाढवणाऱ्या कोबाल्टची. ती आणि एमईकेपी थेट एकमेकांत मिसळल्या तर स्फोट होतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या जागी, सावलीत, मुलाचा हात पोचणार नाही अशा ठेवा. यातलं काहीही मोरीत ओतू नका. घातक कचरा गोळा करणारी व्यवस्था तुमच्याकडे असेल तर तिथे, नाहीतर फायबरग्लासचं काम करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपला विचारा. त्यांना ते रोजचं असतं, बहुधा घेतीलही.